प्रमाणपत्रानंतरचे सहा महिने

डिसेंबर २०२५ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे ‘कॅग’चा, एक अहवाल संसदेच्या पटलावर आला. विषय होता प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आणि तिचे २०१५ ते २०२२ या काळातले पहिले तीन टप्पे. लेखापरीक्षकांनी पोर्टलवरची माहिती उघडली. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातल्या ९५ लाख ९० हजार प्रशिक्षणार्थींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक जणांच्या नावापुढे बँक खात्याचा रकाना मोकळा तरी होता, किंवा त्यात शून्य नाहीतर ‘लागू नाही’ असा शेरा होता. उरलेल्या नोंदींत एकच खाते अनेकांच्या नावावर दिसत होते आणि काही ठिकाणी खाते क्रमांक म्हणून १ हा आकडा ओळीने टाइप केलेला होता. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यांत थेट जमा होत असल्याने हा रकाना पुढे सक्तीचा राहिला नव्हता, असा खुलासा मंत्रालयाने केला.

वर्तमानपत्रांनी या रकान्यांच्या बातम्या केल्या, आणि ते योग्यच झाले. पण त्याच अहवालातला आणखी एक आकडा जास्त वेळ थांबून वाचावा असा आहे. अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेले ५६ लाख १४ हजार उमेदवार, आणि त्यांतले नोकरीला लागले असे नोंदवलेले २३ लाख १८ हजार. म्हणजे ४१ टक्के. त्या ४१ टक्क्यांतले किती जण सहा महिन्यांनी त्या किंवा दुसऱ्या कामावर होते, याचे उत्तर हा आकडा देत नाही.

हे असे का झाले ते समजायचे, तर पैसे केव्हा मिळत होते ते पाहावे लागते. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षण संस्थेला ठरलेल्या रकमेपैकी ३० टक्के बॅच सुरू झाल्यावर मिळत, ५० टक्के उमेदवाराला प्रमाणपत्र मिळाल्यावर आणि उरलेले २० टक्के त्याला नोकरी लागल्यावर. अभ्यासक्रम दीडशे ते तीनशे तासांचे. शंभरातले ऐंशी रुपये हाती पडले, की संस्थेला पुढची बॅच भरण्याची घाई असे. उमेदवाराची खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू व्हायची: अनोळखी शहर, पहिला पगार होईपर्यंतचा महिना, खोलीचे डिपॉझिट, रात्रपाळी. चौथ्या टप्प्यात तर निधीचा आणि नोकरीचा संबंधच तोडला गेला. उमेदवाराने आपली वाट आपण निवडावी, हा त्यामागचा अधिकृत विचार. ज्याच्या घरात आधीपासून कोणी नोकरीला आहे त्याला हे जमेलही. पण या योजना ज्यांच्या नावाने आखल्या जातात, त्यांच्यातल्या बहुतेकांना तसे घर लाभलेले नसते.

कोण असतात ही माणसे? आठवीनंतर शाळा सुटलेला, वडिलांबरोबर उसाच्या तोडीला जाणारा मुलगा. लग्नानंतर गाव बदललेली, कडेवर मूल असलेली बाई. पायाने अधू तरुण, ज्याला काम येते पण कारखान्याच्या बसची पायरी चढता येत नाही. पंचेचाळिशीत नोकरी गेलेला कामगार. या प्रत्येकाच्या वाटेत कौशल्याचा अभाव ही एक अडचण असते आणि तिच्या शेजारी आणखी तीन-चार उभ्या असतात. सरकारी प्रशिक्षणाचा गेल्या साठ वर्षांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या योजनेने त्या शेजारच्या अडचणींवर पैसा आणि माणसे खर्च केली, तिचे काही ना काही हाती लागले. जिने फक्त शिकवण्याचे तास मोजले, तिच्या खात्यात प्रमाणपत्रे जमा झाली.

या हिशेबाचे पहिले पान मुंबईत वरळीला उघडते. मार्च १९६७ मध्ये तिथे देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. बॉम्बे सिटी सोशल एज्युकेशन कमिटी ही प्रौढ शिक्षणात अनेक वर्षे काम केलेली संस्था त्यामागे होती आणि युनेस्कोचे सहकार्य होते. आजूबाजूला गिरण्या होत्या, तीन पाळ्यांत विभागलेले आयुष्य होते, दहा बाय बाराच्या खोल्या होत्या. अशा वस्तीत अभ्यासक्रम कामगाराच्या वेळेत, त्याच्या जागेजवळ आणि त्याला हवा तो असला पाहिजे, हे त्या संस्थेचे मूळ सूत्र. यंत्राची दुरुस्ती शिकवतानाच वाचन-लेखन, आरोग्य, हक्क यांच्याही चार गोष्टींची जोड द्यायची. पाळी संपवून आलेल्या माणसाला विद्यार्थी करायचे तर वर्गाने त्याच्याकडे जायला हवे, हे १९६७ मध्ये कळलेले होते. पुढे हीच कल्पना देशभर गेली. २००० मध्ये नाव बदलून जन शिक्षण संस्थान झाले, २०१८ मध्ये ही संस्थाने मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे आली. आजही निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्यांसाठी सरकारी पैशावर चालणाऱ्या सर्वांत जुन्या यंत्रणांपैकी ही एक आहे, आणि तिच्याबद्दल बोलले मात्र फार कमी जाते.

त्याच गिरणगावात पंधरा वर्षांनी उलट धडा मिळाला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढचा इतिहास मराठी वाचकाला सांगायला नको. गिरण्या एकामागून एक थंडावल्या, साचेखात्यात वीस-वीस वर्षे काढलेली माणसे वॉचमन झाली, भाजी विकू लागली, काही कोकणात आणि देशावर परतली. १९९१ नंतर आर्थिक सुधारणांबरोबर आजारी उद्योग बंद होणार, माणसे कमी होणार, हे सरकारने गृहीत धरले होते. म्हणून १९९२ मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी उभारला गेला. नोकरी गेलेल्यांना समुपदेशन, नवे प्रशिक्षण आणि नवे काम मिळवून देणे हे त्याचे जाहीर उद्दिष्ट होते.

प्रत्यक्षात निधीतला बहुतांश पैसा केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांतल्या स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईला गेला. प्रशिक्षणाच्या वाट्याला थोडेच आले. जे आले त्यातही चाळिशी ओलांडलेल्या, कमी शिकलेल्या, एकाच यंत्रावर हयात गेलेल्या माणसाला चार-सहा आठवड्यांत कोणते नवे काम शिकवायचे आणि शिकवून झाल्यावर त्याला कोण घेणार, याची तजवीज नव्हती. बदली कामगार म्हणून वर्षानुवर्षे दारात उभा राहिलेल्या माणसाचे तर कागदोपत्रीही फारसे अस्तित्व नव्हते. २००० मध्ये निधी गुंडाळला गेला. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले यावर मराठीत खूप लिहिले गेले. त्या माणसांना पुन्हा कामाला लावण्यासाठी ठेवलेल्या पैशाचे काय झाले, हा प्रश्न तेवढा विचारला गेला नाही. तो विचारायला हवा होता.

ग्रामीण भागात याच सुमारास ‘ट्रायसेम’ चालू होती. १५ ऑगस्ट १९७९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतल्या १८ ते ३५ वयाच्या तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण मिळे, विद्यावेतन मिळे, हत्यारांची पेटी मिळे. शिवणकाम, सुतारकाम, रेडिओ दुरुस्ती अशी कामे गावोगाव शिकवली गेली. अडचण पुढे यायची. एका गावात पंधरा बायका शिवण शिकल्या तर शिवायला कपडे कोणाचे? कर्जाचा अर्ज बँकेत पडून, बाजार तालुक्याला, आणि शिकवणारी संस्था पुढच्या गावात पोहोचलेली. १ एप्रिल १९९९ रोजी ट्रायसेम स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली.

पण १९८२ मध्येच, मुंबईत संप पेटला त्याच वर्षी, कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावात एक वेगळा प्रयोग सुरू झाला होता. धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने मंजुनाथेश्वर शैक्षणिक न्यास, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून रुडसेटी ही संस्था काढली. प्रशिक्षण फुकट, राहणे-जेवण फुकट, मुदत काही आठवड्यांची. इथवर वेगळे काही नाही. वेगळेपण पुढे होते: शिकून गेलेल्या माणसाचा दोन वर्षे पाठपुरावा. कर्ज मिळाले का, दुकान उघडले का, मशीन बंद पडले तर कोणी पाहिले का. बँकच संस्थापक असल्यामुळे कर्जाची फाइल आपली कोणती, परकी कोणती असा वाद उरत नव्हता.

केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने २००९ पासून हाच नमुना ‘आरसेटी’ या नावाने देशभर नेला. प्रत्येक जिल्ह्यात एक संस्था, चालवणार त्या जिल्ह्याची अग्रणी बँक. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या ठिकाणी शेळीपालन, मोबाइल दुरुस्ती, ब्यूटी पार्लर, दुग्धव्यवसाय यांच्या ज्या निवासी बॅचेस चालतात त्या याच. अनेकांना त्या बँकेच्या वाटतात. दोन वर्षांचा पाठपुरावा नियमात लिहिलेला आहे, त्यामुळे निदान विचारणारे कोणीतरी असते. सरकारी कार्यक्रमात एवढी साधी गोष्ट नियमात बसवायला सत्तावीस वर्षे लागली, याची नोंद घ्यावी लागते.

२५ सप्टेंबर २०१४ रोजी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आली. महाराष्ट्रात ती ‘उमेद’ अभियानामार्फत चालते. तिच्या मागेही एक जुना प्रयोग होता: २००५ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने ग्रामीण तरुणांना खासगी नोकऱ्यांशी जोडण्यासाठी स्वतंत्र मिशन काढले आणि मीरा शेणॉय यांनी ते चालवले. त्या मिशनमध्ये आधी नोकऱ्या शोधल्या जात आणि मग त्या मापाचे प्रशिक्षण बेतले जाई.

दीनदयाळ योजनेचे नियम वाचताना ते लिहिणाऱ्याने खेड्यातून शहरात आलेला तरुण जवळून पाहिला असावा असे वाटते. वय १५ ते ३५. स्त्रिया, अपंग, आदिम जमाती, मानवी तस्करीतून सुटलेले, हाताने मैला उपसण्याच्या कामातून मुक्त झालेले यांना ४५ पर्यंत सवलत. प्रशिक्षण किमान तीन महिने, ५७६ तास. प्रशिक्षितांपैकी ७० टक्क्यांना नोकरी लावण्याची अट, आणि नोकरी लागली असे म्हणायचे तर तीन महिने पगार झाल्याचा पुरावा. सर्वांत महत्त्वाची तरतूद पगाराबाहेरची. नोकरी स्वतःच्या जिल्ह्यात असेल तर दोन महिने, जिल्ह्याबाहेर पण राज्यात असेल तर तीन महिने आणि राज्याबाहेर असेल तर सहा महिने दरमहा १,००० रुपये थेट उमेदवाराला. स्थलांतरितांसाठी मदत केंद्रे काढण्याचीही सोय.

हजार रुपयांत काय होते, असे कोणी विचारील. चाकण, रांजणगाव, वाळूज या औद्योगिक पट्ट्यांत पहिल्यांदा येणारा मुलगा कॉट बेसिसवर खोली घेतो. महिन्याचे आगाऊ भाडे, मेसचे आगाऊ पैसे, सेफ्टी शूज, कंपनीच्या थांब्यापर्यंतची रिक्षा. पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला. मधले चाळीस दिवस ज्याच्याजवळ काही नाही, तो पंधराव्या दिवशी गावी परततो, आणि पोर्टलवर ‘नोकरी सोडली’ अशी नोंद होते. त्या चाळीस दिवसांत हजार रुपये ही खरोखरच मोठी रक्कम असते.

याच योजनेवर बिहार आणि झारखंडमध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने केलेला प्रयोग महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रशिक्षण केंद्राने वाचावा असा आहे. सुमारे अडीच हजार प्रशिक्षणार्थी. काही बॅचेसना नेहमीचे प्रशिक्षण दिले. काही बॅचेसना त्याबरोबर दोन माहितीची सत्रे जास्त दिली: तुम्हाला कुठल्या शहरात, कशा प्रकारचे काम मिळेल, हातात खरा पगार किती पडेल, राहण्याचा खर्च किती, आधीच्या बॅचमधली मुले तिथे का टिकली आणि का परतली. खरे ऐकल्यावर भलत्या अपेक्षा ठेवून आलेली काही मुले नोकरीपूर्वीच बाहेर पडली. जी नोकरीला गेली, ती आपल्याला काय मिळणार हे जाणून गेली, आणि माहिती न मिळालेल्या मुलांपेक्षा ती कामावर टिकण्याचे प्रमाण ठळकपणे जास्त निघाले. खर्च जवळजवळ शून्य. फक्त बॅच भरण्यासाठी गावात फिरणाऱ्या मोबिलायझरने ‘पंधरा-वीस हजार पगार, राहणे फ्री’ असे सांगण्याचा मोह टाळायचा.

स्त्रियांची गोष्ट वेगळी सांगावी लागते. दिल्लीच्या वस्त्यांमध्ये शिवणकामाच्या सहा महिन्यांच्या अनुदानित अभ्यासक्रमावर पुष्कर मैत्र आणि सुभा मणी या अर्थशास्त्रज्ञांनी काटेकोर अभ्यास केला. अर्ज केलेल्यांतून चिठ्ठी टाकावी तशी निवड करून प्रशिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायकांची तुलना झाली. शिकलेल्या बायका कामाला लागण्याचे आणि कमावण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढले होते. म्हणजे शिवणकामाची चेष्टा करण्याचे कारण नाही. पण अभ्यासक्रम अर्ध्यात सुटला तो कोणाचा? केंद्र घरापासून लांब असलेल्यांचा आणि मुलाला सांभाळायला कोणी नसलेल्यांचा. पाकिस्तानच्या पंजाबात झालेल्या अशाच एका अभ्यासात केंद्र गावातच असले तर येणाऱ्या बायकांची संख्या कित्येक पट वाढली. गावाची वेस ओलांडावी लागली की ती घटली. सगळ्यांना एकत्र नेणारी गाडी दिली की पुन्हा वाढली.

महाराष्ट्राने या बाबतीत एक चांगले पाऊल उचलले आहे. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी ३४ जिल्ह्यांतल्या गावांमध्ये एकदम ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे सुरू झाली. प्रत्येक केंद्रात किमान दोन अभ्यासक्रम आणि सुमारे शंभर प्रशिक्षणार्थी, असा आराखडा. केंद्र गावाजवळ आले. आता प्रश्न उरतो सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत मूल कोणाजवळ ठेवायचे, आणि शिकलेले काम गावात मिळेल की बाहेर जावे लागेल. पाळणाघर हा शब्द कौशल्य विकासाच्या शासन निर्णयांत जितका ठळक यायला हवा तितका येत नाही. अंगणवाडीच्या वेळेशी बॅचची वेळ जुळवणे हे तर पैसे न लागणारे काम आहे.

दाराशीच अडणाऱ्यांचीही गोष्ट आहे. आयटीआय ही १९५० पासून चालत आलेली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना अजूनही देशातली सर्वांत भक्कम व्यवस्था आहे. महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत आणि फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन शिकून निघालेल्या मुलांची कारखान्यांत खरी किंमत आहे. पण बहुतेक चांगल्या ट्रेडना दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि प्रवेश गुणांवर होतो. आठवी-नववीत शाळा सुटलेला तिथपर्यंत पोहोचतच नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो नेमका अशा मुलांना समोर ठेवून. वर्कशॉप, शेती, वीज, अन्नप्रक्रिया असे सगळे हाताने करत एक वर्ष राहायचे. वेल्डिंग शिकताना गावातले फाटक खरोखर बनवून द्यायचे आणि त्याचे पैसेही हिशेबात धरायचे. शाळेत नापास झालेल्या मुलाला आपल्या हातून घडलेली वस्तू कोणीतरी विकत घेतो हे पहिल्यांदा दिसते, तेव्हा त्याच्यात होणारा बदल कोणत्याही व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानाने होत नाही.

पुण्यात २०१६ मध्ये औंधला सुरू झालेल्या ‘लाइटहाउस’ केंद्रांचा धडाही याच्या जवळचा आहे. महानगरपालिकेची जागा आणि पैसा, सामाजिक संस्थेची माणसे. वस्तीतल्या मुलाला आल्याबरोबर टॅलीच्या किंवा नर्सिंग असिस्टंटच्या वर्गात बसवत नाहीत. आधी काही आठवडे पायाभूत वर्ग, बोलणे, स्वतःला काय जमते याचा शोध, समुपदेशकाशी गाठ, अभ्यासक्रम त्यानंतर. प्रशिक्षण नको त्या विषयात घेऊन वाया जाण्यापेक्षा हे आठवडे स्वस्त पडतात.

अपंगांच्या बाबतीत हा क्रम फार पूर्वीच मान्य झाला होता. १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबादला केंद्र सरकारने व्यवसाय पुनर्वसन केंद्रे काढली. तिथे आधी मूल्यमापन होई: हाताची पकड कशी, किती वेळ उभे राहता येते, काम कोणते आवडते. प्रशिक्षण आणि नोकरीचा शोध त्या मूल्यमापनाच्या आधारे. पुढे नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी २०१३ मध्ये आलेल्या ‘रोशनी’ योजनेनेही, जिच्यात गडचिरोली होते, हाच विचार वेगळ्या अंगाने केला. शाळेचा ज्यांना कमी स्पर्श झाला त्यांना जास्त महिने द्यायचे, एका वर्षापर्यंत, आणि ४० टक्के जागा मुलींच्या. सगळ्यांना एकाच मापाचे तीनशे तास देण्याची सवय यंत्रणेला नंतर, उद्दिष्टे कोटींत गेल्यावर लागली.

कोटींच्या उद्दिष्टांचे ताजे उदाहरण प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेचे. पाच वर्षांत एक कोटी तरुण देशातल्या ५०० मोठ्या कंपन्यांत वर्षभर काम शिकतील, महिन्याला ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदाच ६,००० रुपये मिळतील, अशी घोषणा जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात झाली. ऑक्टोबरमध्ये पहिली फेरी सुरू झाली. कंपन्यांनी ८२,००० हून अधिक जागांचे प्रस्ताव उमेदवारांना दिले, सुमारे २८,००० जणांनी ते स्वीकारले आणि प्रत्यक्ष रुजू झाले सुमारे ८,७००. सरकारने संसदेत दिलेल्या कारणांत घरापासूनचे अंतर आणि लांब मुदत यांचा समावेश होता. नाशिकच्या मुलाला चेन्नईजवळच्या कारखान्यात पाच हजारांवर वर्ष काढायचे तर उरलेला खर्च बापाने द्यायचा. ज्याचा बाप देऊ शकतो तो जातो. म्हणजे ज्याच्यासाठी योजना आखली तो मागे राहतो.

महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही त्याच जुलैतली. आषाढी एकादशीला पंढरपुरात तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तिचा उल्लेख केला आणि ‘लाडका भाऊ’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले. बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८,०००, पदवीधरांना १०,००० रुपये. वय १८ ते ३५. वर्षाला दहा लाख तरुणांचे उद्दिष्ट आणि ५,५०० कोटींची तरतूद. उद्योगांना मनुष्यबळाच्या १० टक्के, सेवा क्षेत्राला २० टक्के आणि सरकारी कार्यालयांना मंजूर पदांच्या ५ टक्के प्रशिक्षणार्थी घेण्याची मुभा होती.

उद्योगांपेक्षा सरकारी कार्यालये आणि शाळा यांच्याकडे मोठा ओघ गेला आणि तो स्वाभाविक होता. ग्रामपंचायत, तहसील, जिल्हा परिषदेची शाळा घराजवळ असते, मान असतो, कायम होण्याची आशा असते. एक लाखाहून अधिक तरुण कामाला लागले. त्यांनी वर्ग घेतले, दाखल्यांचे अर्ज ऑनलाइन भरले, पोषण आहाराच्या नोंदी ठेवल्या. सहा महिने संपत आले तेव्हा पुढे काय, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. २०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने केली गेली. ती संपल्यावर ठिकठिकाणी मोर्चे निघाले, उपोषणे झाली. मागणी एकच, सेवेत कायम करा. शासनाचे म्हणणे, हे प्रशिक्षण होते, नोकरी नव्हती. कागदावर शासनाचे बरोबर आहे. पण अकरा महिने रिकाम्या पदाचे काम केलेल्या तरुणाला ते प्रशिक्षण होते हे पटवायचे, तर त्याला त्या काळात काय शिकवले आणि त्या शिकण्याला बाहेर कोण किंमत देईल, हे दाखवावे लागते. ते दाखवण्याची व्यवस्था योजनेत नव्हती. या तरुणांच्या रागात दुखावलेपण आहे आणि ते समजून घेतले पाहिजे.

मोजमापाचा प्रश्न इथे येतो. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेव्हाच्या सरकारी प्रशिक्षण कायद्याची परीक्षा झाली. १६ ठिकाणचे सुमारे २०,००० अर्जदार. दोन-तृतीयांशांना कार्यक्रमात प्रवेश दिला, एक-तृतीयांशांना तेवढ्या काळापुरता दिला नाही, आणि दोन्ही गटांच्या कमाईवर लक्ष ठेवले. प्रौढांच्या कमाईत माफक वाढ दिसली. शाळा सोडलेल्या तरुणांच्या कमाईत वाढ दिसलीच नाही. उत्तर कडू होते, पण ते छापले गेले. आज तिथल्या २०१४ च्या कायद्यानुसार कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत माणूस कामावर आहे का, हे वेतनाच्या सरकारी नोंदींवरून तपासले जाते. सहा महिने आणि एक वर्ष. प्रशिक्षण संस्थेने आणलेल्या पगारपत्रकावर विसंबत नाहीत.

भारतात अशा नोंदी नाहीत असे नाही. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आहे, आधार आहे, कौशल्य पोर्टल आहेत. १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये मिळतात ते दोन हप्त्यांत: पहिला सहा महिने नोकरी टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी. नोकरी टिकण्याला पैशाचे मोल देणारा हा मोठा कार्यक्रम आहे, तरतूद ९९,४४६ कोटींची. मात्र तो भविष्य निर्वाह निधीच्या चौकटीतल्या नोकऱ्यांपुरता आहे. गवंडी, घरकामगार, हॉटेलातला पोऱ्या, पार्लरमध्ये काम करणारी मुलगी, गावातला मोटर रिवाइंडिंगवाला या चौकटीबाहेर राहतात, आणि अडचणीतल्या घरांतली बहुतेक माणसे तिथेच कामाला लागतात. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत १५ ते २९ वयोगटातल्या ४.४ टक्के तरुणांनीच औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतल्याचे दिले आहे, आणखी १६.६ टक्के अनौपचारिक रीतीने, म्हणजे कोणाच्या तरी हाताखाली, शिकलेले. त्यांच्यासाठी आधीचे कौशल्य ओळखून प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहे आणि योजनेच्या आकड्यांचा मोठा वाटा त्यातून आला. पण त्या प्रमाणपत्रामुळे गवंड्याची मजुरी वाढली का, हे पाहणारे कोणी नेमले गेले नाही.

ते नेमता येईल. उमेदच्या बचतगटांचे जाळे गावागावांत आहे, आरसेटीचा दोन वर्षांचा पाठपुरावा नियमात आहे, ५११ केंद्रांच्या गावांत ग्रामसभा भरते. केंद्रात किती आले, किती जणांनी पूर्ण केले, सहा महिन्यांनी कोण कोठे काम करते आहे आणि हातात किती पडते, हे ग्रामसभेत वाचून दाखवायला नवे पोर्टल लागत नाही. त्या यादीतले नाव खोटे असेल तर गावात ते लगेच कळते, आणि परत आलेला मुलगा का परतला हेही तिथेच विचारता येते. युवा कार्य प्रशिक्षणातून बाहेर पडलेल्या लाखभर तरुणांपासून ही यादी सुरू करता येईल. त्यांची नावे, शिक्षण, बँक खाते आणि त्यांनी कुठे काम केले ते कार्यालय, हे सगळे शासनाकडे आजही आहे.